भिंतीकडं तोंड करून

सिस्टर मावशी,

आधी तुमचं नाव. प्रभावती सिस्टर. उमरग्यात, हायवेवरच्या दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत, निळ्या पत्र्याच्या दाराआड दोन खोल्यांत राहणाऱ्या, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. मला आधार तुम्ही दिला. काय झालं होतं ते मागून सांगतो. पण आधार कुणी दिला ते आधी कागदावर यावं, कारण मी लिहिता लिहिता घाबरतो, मध्येच थांबतो, आणि मग मोठी गोष्टच राहून जाते.

तुमच्या वैशालीताई सोलापूरहून आल्यात. म्हणाल्या, आईला ओळखणाऱ्यांनी दोन-दोन पानं लिहून द्या, छोटी पुस्तिका काढू. मी म्हटलं, ताई, मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस, गिलाव्याचा मिस्त्री, मी काय लिहिणार? तर त्या म्हणाल्या, "आमच्याशी आई फोनवर बीपी आणि भाजी एवढंच बोलायची. तुमच्याशी जास्त बोलायची." हे ऐकून मला बरंही वाटलं आणि वाईटही. त्यांना सांगितलं नाही की आपण दोघं बहुतेक वेळ गप्पच असायचो.

तुमचा जन्म कुठं झाला, नोकरी कुठं कुठं झाली, ते दुसरे लिहितील. मला ते धड माहीतही नाही. मला तुमची पाठ माहीत आहे. अंगणात तुमच्या मागं मागं चालताना बघितलेली, अजिबात न वाकलेली पाठ. आणि तुमच्या खोकल्याची वेळ.

मी गोंदियाकडचा, धानाच्या गावातला. इकडं टोळीबरोबर गिलाव्याच्या कामाला आलो. आमचे मुकादम बसवराजअण्णा इथलेच, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावचे. तुमच्या घराला लागून दवाखान्याची नवी इमारत उठत होती आणि आम्ही तिच्या बाहेरच्या अंगाला गिलावा करत होतो. बांबू आणि फळ्यांची परांची बांधलेली. अशा परांचीवर मी मिसरूड फुटायच्या आधीपासून चढलो आहे.

त्या दिवशी काहीही झालं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं ज्याला त्याला कारण पाहिजे होतं. कुणी पडलं नव्हतं. बांबू मोडला नव्हता. घरून वाईट फोन आला नव्हता. थापीत माल घेतला, भिंतीवर मारला, आणि हात परत आला नाही. तिथंच भिंतीवर राहिला. छाती आतून कुणी पिळल्यासारखी झाली. खालची जमीन एकदम लांब गेली, मग एकदम जवळ आली. मी बांबूला मिठी मारून फळीवर बसलो.

खालून अण्णा ओरडले, "तेजराम! माल सुकायला लागला की रे! वर झोप लागली का तुला?"

मी म्हणालो, चक्कर आली. भीती म्हणायची हिंमत नव्हती. दोघांनी धरून खाली आणलं, आणि तुम्ही कपडे वाळत घालायचं सोडून कंपाउंडच्या भिंतीवरून बोललात, "त्याला इकडं आणा. सावलीत. अन् घोळका करू नका, काय तमाशा हाय का?"

माझं मनगट धरून तुम्ही घड्याळाकडं बघत होता.

"छातीत कळ मारती का? डावा हात जड?"

"नाही जी."

"जी? कुठला रे तू?"

"गोंदियाचा जी."

"तेवढ्या लांबून भिंती थापायला आलास? तिकडं भिंती न्हाईत व्हय?"

मला हसू आलं. हात थरथरत होता आणि मी हसत होतो. तुम्ही दोन्ही बघितलं. तरी शेजारच्या दवाखान्यात नेऊन छातीची ईसीजीची पट्टी काढायला लावलीच. पट्टी चांगली आली. अण्णा म्हणाले, "बघा, काही नाही झालेलं. चल वर." तेव्हा तुम्ही म्हणालात, "आज न्हाय चढायचा तो. अन् रोज सकाळी कामाच्या आधी माझ्याकडं ड्रेसिंगला येईल."

"कसलं ड्रेसिंग सिस्टर? खरचटलं पण नाही त्याला."

"सिस्टर तू हायस का मी?"

तुमच्यापुढं बोलायची कुणाची टाप होती? त्यांना तुम्हीच लहानपणी इंजेक्शनं दिलेली.

मला भीती होती ती दुसरीच. गिलाव्याच्या माणसाला वर चढता येईना झालं तर त्याच्याकडं काय उरतं? आमच्या टोळीत जो कच्चा निघतो त्याला अण्णा पुढच्या गाडीनं गावी पाठवतात. त्यात त्यांचा दुष्टपणा नाही, वर दुसऱ्याचाही जीव असतो. पण मला दुसरं काम येत नाही. अक्षर बरं आहे एवढंच. रात्रभर मी एकच विचार करत होतो, उद्या चढलो नाही तर कळेल, आणि चढलो तर परत होईल.

सकाळी तुमच्याकडं आलो तेव्हा वाटलं, गोळी द्याल. नाहीतर दोरा बांधाल. तुम्ही मागच्या खोलीत नेलं. खोली रिकामी, एक खिडकी, कोपऱ्यात फळीवर बुद्धांची लहान मूर्ती. जमिनीवर गोधडी चौघडी करून ठेवलेली. म्हणालात, "हिच्यावर बस. तोंड भिंतीकडं."

मावशी, तेव्हा मी तुम्हाला बोललो नाही, पण माझ्या अंगावर काटा आला होता. शाळेत मला गुरुजी रोज भिंतीकडं तोंड करून उभं करायचे. पाढे येत नव्हते म्हणून. मागं सगळा वर्ग असायचा आणि पुढं पोपडे आलेला चुना. त्या भिंतीला कंटाळून मी शाळा सोडली. आणि एवढ्या लांब येऊन परत भिंतच?

"माझं काही चुकलं काय जी?"

"चुकलं कशाला? शिक्षा म्हणून उभं करतेत. मी तुला बसवायले. लई फरक हाय."

तुम्ही शेजारी तुमची गोधडी टाकलीत आणि स्वतःही भिंतीकडं तोंड करून बसलात. तिथंच माझं मन थोडं खाली बसलं. आमचे गुरुजी कधी माझ्या शेजारी भिंतीकडं तोंड करून उभे राहिले नव्हते.

मी डोळे मिटले तर तुम्ही न बघताच ओळखलंत. "डोळे उघड. अर्धे. झोपायला आलास व्हय?" मला वाटायचं ध्यान म्हणजे डोळे मिटणं. देवळात, सिनेमात, सगळीकडं मिटलेलेच बघितलेले. तुम्ही म्हणालात, मिटले की माणूस घरी जातो, इथं राहत न्हाय. पाठ सरळ. हातावर हात, अंगठ्याची टोकं एकमेकांना टेकलेली, दाबायची नाहीत आणि सोडायची पण नाहीत.

"मंत्र कोणता जी?"

"न्हाय."

"देव?"

"न्हाय."

"मग करायचं काय?"

"काहीच न्हाय. बघ किती अवघड हाय ते."

श्वास सोडताना एक म्हणायचं. पुढच्याला दोन. दहा झाले की परत एकपासून. मध्येच हरवलं तरी परत एकपासून, स्वतःला शिव्या न देता. मला वाटलं, दहापर्यंत तर अंगणवाडीतलं पोर मोजतं. मावशी, मी कित्येक दिवस चारच्या पुढं गेलो नाही. दोनला वाळू चाळली का ते आठवायचं, तीनला आई दिसायची, चारला परांचीची फळी. पाय मुंग्यांनी भरायचा. सुरुवात-शेवट सांगायला तुम्ही घंटा वाजवायचात. घंटा म्हणजे तुमचा जुना स्टीलचा किडनी ट्रे आणि चिमटा. टण्ण. कितीतरी वेळ वाजत राहायचा तो. त्यात तुम्ही आयुष्यभर सुया आणि बोळे ठेवले असणार. मी विचारलं, ह्याला घंटा का नाही घेतली? तर म्हणालात, "हा फुकट हाय, अन् याला माझी सवय हाय."

एकदा मी म्हणालो, विचार लई येतात. (तोवर मी पण 'लई' म्हणायला लागलो होतो.) तुम्ही म्हणालात, "येऊ दे की. ओपीडीत माणसं येतेतच. पर आलेल्या हरेकाचा केसपेपर काढू नको."

हे मला कळलं. बाकीचं बरंच कळलं नव्हतं.

ह्याला झेन म्हणतात हे मला फार उशिरा कळलं, ते पण मी विचारलं म्हणून. तुम्ही जपानमधलं आहे म्हणालात आणि चहाला आधण ठेवलंत. मी मोबाइलवर बघितलं तर पांढरी खडी, बांबू, कारंजं. आपल्याकडं पत्र्याचं दार, किडनी ट्रे आणि हायवेवरून गेअर बदलणारे ट्रक. तुम्हाला फोटो दाखवला तर म्हणालात, "चांगलं हाय. झाडायला माणूस लागंल रोज."

बसून झालं की आपण अंगणात चालायचो. एकामागं एक, अगदी हळू, खाली बघत. शेजारच्या शबानाभाभी एकदा भिंतीवरून डोकावल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सिस्टरआपा, क्या गिऱ्या जी? कवापासून दोघं ढुंढताय! मी येऊ का बॅटरी घेऊन?"

तुम्ही चाल न मोडता म्हणालात, "सुई पडली गं."

दुसऱ्या दिवशी भाभी चुंबक घेऊन आल्या. खरंच. तेव्हा तुम्ही एवढ्या हसलात की चालणं मोडलंच.

आता मला त्या भिंतीतल्या चिरेचं लिहायचं आहे. ताई म्हणाल्या, वाटेल ते लिहा. पण हे लिहिताना अजून कान गरम होतात.

रोज भिंत बघायची म्हटल्यावर मी मिस्त्री काय बघणार? तुम्ही म्हणायचात, नुसतं बघ. मी बघायचो तर डाव्या कोपऱ्यापासून खिडकीच्या खालपर्यंत एक चीर गेलेली. केसाएवढी नाही, बोटाचं नख जाईल एवढी. कडा झिजलेल्या, आत माती दिसत होती. मी एक म्हणायचो, चीर दिसायची. दोन म्हणायचो, मनात पट्टी लावून बघायचो. तीनला खोबणी काढायचो, चारला जाळी मारायचो. बाकीच्यांना ध्यानात काय दिसतं माहीत नाही, मला अंदाज दिसायचा. किती सिमेंट, किती पुट्टी.

आणि माझ्या मनात तुमचं एवढं देणं साचलं होतं. तुम्ही माझ्याकडून काही घेत नव्हता. केळी आणली तर अर्धी परत द्यायचात. मला ज्वारीची भाकरी जड जाते म्हणून माझ्यासाठी वेगळा भात लावायचात, वर 'तांदूळवाला आला' म्हणून हिणवायचात. मला वाटायचं, माझ्याजवळ दुसरं काही नाही, पण हात आहे. तुम्ही वैशालीताईंकडं सोलापूरला गेलात, किल्ली माझ्याजवळ, झाडांना पाणी घालायला. मी माझ्या कामातलं सगळ्यात चांगलं काम त्या भिंतीवर केलं. चीर खोलून, साफ करून, जाळी मारून, माल भरून, पाणी मारून, सुकू देऊन, पुट्टीचे दोन हात, पॉलिशपेपर, वर रंग. रंग जुन्या भिंतीशी जुळवायला मी चुन्यात थोडी माती मिसळली होती. दिव्यानं शोधलं असतं तरी सापडली नसती.

तुम्ही आलात. मी मुद्दाम काही बोललो नाही, तुम्ही खोलीत जायची वाट बघत होतो. तुम्ही गोधडीवर बसलात, मान वर केलीत, आणि तुमचा हात पुढं आला. भिंतीवरून डावीकडून उजवीकडं फिरला. आंधळ्या माणसासारखा. परत फिरला.

"कुठं गेली रे?"

"बुजवली जी. आता शंभर वर्षं नाही दिसायची."

तुम्ही ट्रे वाजवलात. आपण बसलो. मला तेव्हाच कळलं की काहीतरी भयंकर चुकलं आहे, कारण तुमचा श्वास मला ऐकू येत होता. एरवी कधी यायचा नाही.

चहाच्या वेळी सांगितलंत. ती चीर त्र्याण्णवच्या भूकंपातली होती. उमरग्यात भूकंप कुठला ते विचारायची गरज नसते. तुम्ही तेव्हा तरुण होतात, खेड्यात ड्युटी होती, ढिगाऱ्याशेजारच्या तंबूत तुम्ही काय काय बांधलं, शिवलं, मोजलं, ते तुम्ही मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढंच सांगितलंत की घर उभं राहिलं होतं, पण तुम्ही घरात जायचा नाहीत. छप्पर दिसलं की छाती आवळायची. वैशालीताई लहान होत्या, त्यांना घेऊन अंगणात झोपायचात. पाऊस आला तर छत्री. दिवसा लोकांना धीर द्यायचा आणि संध्याकाळी स्वतःच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायचं.

"कुणाला सांगितलं नाही काय जी?"

"कुणाला सांगू? सिस्टरच भ्याली म्हणल्यावर बाकीच्यांनी कुणाकडं बघायचं?"

मदतीला बाहेरून माणसं आली होती, त्यात जपानची एक भिक्षुणी होती. डोक्याचा गोटा, पायात रबरी चपला. तिला मराठी नाही, तुम्हाला जपानी नाही. तिनं तुम्हाला रोज उंबऱ्याबाहेर बघितलं. एक दिवस ती तुमच्या आधी आत गेली, ह्याच खोलीत, ह्याच चिरेकडं तोंड करून बसली. आणि शेजारची जमीन हातानं थोपटली. तुम्ही आत गेलात. थरथरत बसलात. मग तिनं वर छपराकडं बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून फडफड करून दाखवली, आणि हसली. म्हणजे तिलाही वाटत होती भीती. चांगलीच वाटत होती. आणि ती बसली होती.

"तेवढंच शिकवलं तिनं," तुम्ही म्हणालात. "बाकी मोजायचं, पाठ सरळ ठेवायची, ते काय, नंतर तुमच्याच नागपूरकडं शिबिरात जाऊन नीट शिकले. पर खरं ते तेवढंच."

माझ्या हातातला कप खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं. मी म्हणालो, मावशी, मी खोलून देतो, जशी होती तशी करतो. तेव्हा तुम्ही माझ्याकडं रागानं बघितलंत. चीर बुजवलेली कळली तेव्हाही असं बघितलं नव्हतं.

"न्हाय. खोटी चीर काढू नको माझ्या भिंतीवर. मिस्त्रीनं काढलेली चीर बघत बसू व्हय मी?"

त्यानंतर तुम्ही रोज त्या गुळगुळीत भिंतीपुढं बसलात. कधी त्यावरून बोलला नाहीत. तुम्हाला ती चीर आठवत होती का, माझा राग आला होता का, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायचं राहिलंच.

पण मार्च लागला, ऊन तापलं, आणि एक दिवस मी दारात सायकल लावतो न लावतो तोच तुम्ही आतून ओरडलात, "मिस्त्री! ये, ये! तुझं काम फेल गेलं बघ!"

आत जाऊन बघतो तर केसाएवढी रेघ. त्याच वाटेनं. खालून पाया हललेला असला की वर काहीही करा, भिंत आपली जागा दाखवते. माझी मान खाली गेली. तुमचा आनंद मात्र पोटात मावत नव्हता. तुम्ही त्या रेघेवर नख फिरवत होता, शबानाभाभीला हाक मारून दाखवत होता. भाभी म्हणाल्या, "कारागीर बदला आपा, हा निकम्मा हाय."

मी वाट बघत होतो, आता मावशी काहीतरी शिकवण सांगतील. मनाचं, भीतीचं. तुम्ही म्हणालात, "आज शिरा करते."

तोवर मी वर चढायला लागलो होतो. आधी पहिल्या माळ्याएवढं, मग दुसऱ्या. अण्णांना मी कमरेचं दुखणं सांगितलं होतं, म्हणून ते मला खालची-मधली कामं देत राहिले. भीती यायची. यायची तेव्हा मी एक म्हणायचो. कधी लवकर जायची, कधी दुपारपर्यंत बसून राहायची. मी रोज येऊन तुम्हाला विचारायचो, अजून किती दिवस? कधी जाईल पूर्ण?

तुम्ही म्हणायचात, "न्हाय जायची."

"मग कायले बसतो मी?"

"मला काय विचारतो? तूच येतो की रोज उठून."

ह्यावर आपलं भांडण व्हायचं. खरंच भांडण. मी म्हणायचो, तुम्ही नर्स आहात, जात नाही असं कोणत्या पेशंटला सांगता? तुम्ही म्हणायचात, लई जणांना सांगितलं. मी म्हणायचो, तुमची तर गेली, तुम्ही घरात झोपता. तुम्ही म्हणायचात, "झोपते. हायवेवर मोठा ट्रक गेला अन् भांडी वाजली की उठून बसते. अजून. मग परत झोपते."

दुसरं भांडण अण्णांना सांगण्यावरून. तुम्ही म्हणायचात, सांग त्याला, मला वर भ्या वाटतंय म्हणून. मी म्हणायचो, गावी पाठवतील. तुम्ही म्हणायचात, "पाठवंल न्हाईतर न्हाय पाठवणार. पर वर चढणाऱ्यातल्या दुसऱ्या कुणाची छाती फडफडत असंल तर त्याला कळंल तरी. मी तंबूत सांगितलं असतं तर अंगणात एकटी झोपले नसते." मी विषय बदलायचो. तुम्ही बदलू द्यायचात, पण दोन दिवसांनी परत काढायचात, पोरीच्या लग्नाचा विषय काढावा तसा.

तो विषय तुम्ही गेल्या सोमवारी शेवटचा काढलात. मी म्हणालो, बघू. तुम्ही म्हणालात, "बघू म्हणजे न्हाय." आणि मला मुरमुरे बांधून दिलेत. ते अजून खोलीत आहेत, मऊ पडलेत.

मंगळवारी मी कामावर होतो. बसस्टँडकडच्या नव्या इमारतीवर, तिसऱ्या माळ्याला. शबानाभाभींचा फोन आला. त्यांना बोलता येत नव्हतं, नुसतं 'आपा, आपा' म्हणत होत्या. मी परांचीवरून कसा उतरलो मला आठवत नाही. इतक्या झपाट्यानं मी कधीच उतरलो नव्हतो, आणि तेव्हा भीती नव्हती, हे मला नंतर फार विचित्र वाटलं.

तुम्ही ओसरीच्या खुर्चीत होता. भाभी सांगत होत्या, दुधाचं पातेलं घेऊन आले, वाटलं बसल्यात नेहमीसारख्या, म्हणून हाक नाही मारली. बराच वेळ नाही मारली. तुमच्या शांत बसण्याची गल्लीला एवढी सवय झालेली.

विहारातली माणसं आली, भन्ते आले, ताई आल्या. स्मशानात सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं. मला शब्द अर्धेच येतात, मी ओठ हलवत मागं उभा होतो. मी तुमचा कुणी नाही, म्हणून पुढं गेलो नाही. ताईंनी हात धरून पुढं नेलं. तुमच्या नात्यातल्या कुणीतरी विचारलं, हे कोण? ताई म्हणाल्या, "आईबरोबर बसायचे ते." तेवढ्यानं मला उभं राहता आलं.

गुरुवारी कामाला गेलो. तिसऱ्या माळ्यावर पाय ठेवला आणि ती आली. पहिल्या दिवशीसारखी, सगळीच्या सगळी. कदाचित जास्त. कारण आता गावात कुठंच, कपडे वाळत घालायचं सोडून मला सावलीत बोलावणारं कुणी नव्हतं. मला वाटलं, संपलं. हे सगळं तुमच्यामुळं चाललं होतं, माझं काहीच नव्हतं. बांबूला मिठी मारायला हात गेला होता.

मी फळीवर मांडी घातली. पाठ सरळ केली. पुढं हातभर अंतरावर ओली भिंत होती, नुकता माल मारलेली, तिच्यातून गारवा आणि सिमेंटचा वास येत होता. डोळे अर्धे उघडे. हातात थापी होती म्हणून हातावर हात ठेवता आला नाही. एक. खालून कुणीतरी बादली आपटली. परत एक. छाती फडफडत होती, फडफडू दिली. त्यावेळी मला रडू आलं आणि तेही येऊ दिलं, नाक पुसावं तर हात मालानं भरलेला. मग केव्हातरी थापी उचलली आणि भिंतीवर हात फिरवला. हात परत आला. परत फिरवला.

भीती गेली नाही, मावशी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्या शेजारीच होती. काम झालं, चांगलं झालं, आणि ती होती. एवढे महिने मी ज्यावर तुमच्याशी भांडलो, त्यात तुमचं खरं होतं, आणि हे तुम्हाला येऊन सांगायची सोय उरली नाही. तुम्ही काही फार खूश झाला नसता. शिराच केला असता.

पण दुसऱ्या भांडणात मी अजून तिथंच आहे. सुट्टीत खाली उतरलो तेव्हा अण्णांनी जवळ येऊन विचारलं, "काय रे, वर बसला होतास मघाशी. सिस्टरची आठवण आली का?" चांगल्या मनानं विचारलं. त्यांचेही डोळे ओले होते. तेव्हा सांगता आलं असतं. सोपं होतं. मी म्हणालो, "कंबर धरली होती अण्णा."

इथं लिहून सांगितलं आहे, पण लिहून सांगणं वेगळं. अण्णा पुस्तिका वाचतील की फोटो बघून ठेवून देतील, कुणाला माहीत. आणि टोळीतल्या अर्ध्या लोकांना वाचता येत नाही. त्यांच्यातल्या ज्याला ऐकायची गरज असेल, त्याला कागदाचा काय उपयोग? तुम्हाला शिकवणारीनं कागद दिला नव्हता. तिनं तुमच्या देखत छातीवर हात ठेवून दाखवला होता.

तुम्ही माझ्याकडून केळीसुद्धा पुरती घेतली नाहीत. म्हणून हे एक घ्या. कधी ते सांगत नाही, कारण मला माझी खात्री नाही, आणि तुमच्यापुढं 'बघू' म्हणायचं नाही असं मी ठरवलं आहे. पण एक दिवस मी सगळ्यात वरच्या फळीवर, टोळी कामाला लागलेली असताना, खाली अण्णा उभे असताना, मोठ्यानं सांगणार आहे की मला भ्या वाटतंय, मी जरा बसतो, मग करतो. गावी पाठवलं तर जाईन. त्या दिवशी तुमचं थोडं फिटलं असं समजा. तोवर रोज सकाळी बसतो आहे.

तुमचा,
तेजराम